मांसासाठी वाढवलेली बदकाची पिल्ले दर पावसाळ्यात लंगडतात: कारण कुठे शोधावे

इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर या पट्ट्यात व्हाईट पेकिन किंवा तिच्यापासून तयार झालेल्या मांसल वाणांची बदके पाळणाऱ्यांकडून जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकच तक्रार वारंवार ऐकू येते. पिल्ले आणली तेव्हा टवटवीत होती, पहिला आठवडा त्यांनी चांगले खाल्ले, आणि दुसरा आठवडा लागता लागता त्यांतली काही चालताना मध्येच खाली बसू लागली. बसणाऱ्यांची संख्या रोज वाढत जाते. उठवले तर पिल्लू चार पावले टाकून पुन्हा बसते, पुढे जायचे असेल तर पंख जमिनीला टेकवून अंग ओढते, पायाच्या मध्यावरचा, मागच्या बाजूला वळणारा हॉक सांधा जाड दिसू लागतो आणि काहींच्या पायाच्या नळ्या (लांब हाडे) कमानीसारख्या वाकतात. अशा पिल्लाला खाद्याच्या भांड्यापर्यंत पोहोचता येत नाही, त्यामुळे ते बहुधा तहान-भुकेने किंवा बाकीच्यांच्या पायाखाली तुडवले जाऊन मरते.

यावर जे उपचार होतात त्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी पाण्यातून कॅल्शियम, मग कोणीतरी सुचवलेले अँटिबायोटिक, मग लिव्हर टॉनिक. काही पिल्ले मरतात, काही लंगडतच वाढतात, लॉट कसाबसा विकला जातो आणि पुढच्या लॉटमध्ये तेच पुन्हा सुरू होते. सिमरोलच्या बाजूच्या एका शेडमध्ये मालकीणबाईंनी मला औषधांची फळी दाखवली. तिच्यावर कॅल्शियमच्याच निरनिराळ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: "भाऊ, कॅल्शियम तर पहिल्या दिवसापासून चालू आहे, तरी पाय वाकतातच कसे?" त्याच शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या मक्याच्या पोत्यांना हात लावला तेव्हा खालच्या थरातली पोती थंड आणि दमट लागली, आणि खाद्याच्या रिकाम्या पिशव्यांवर ब्रॉयलर स्टार्टर असे छापलेले होते. उत्तर औषधांच्या फळीवर नव्हते, ते या दोन गोष्टींत होते.

लंगडेपणा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येत असेल, लॉटमागून लॉट येत असेल आणि पावसाळ्यात वाढत असेल, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा खाद्यात असते, आणि खाद्यातही दोन ठिकाणी: नायासिन या ब-गटातील जीवनसत्त्वाची कमतरता आणि मक्यातून किंवा पेंडेतून आलेले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. ही दोन कारणे एकत्र आली म्हणजे एकट्या कारणावरचा उपाय अपुरा पडतो, आणि म्हणूनच हा प्रश्न सुटल्यासारखा वाटून पुन्हा उभा राहतो. आपल्या भागात बदकपालन अजून थोडे असल्यामुळे खाद्य आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वे व खनिजांचे तयार मिश्रण) कोंबडीच्या धंद्यातूनच येतात, परंतु या दोन्ही बाबतींत बदकाच्या पिल्लाचे शरीर कोंबडीच्या पिल्लापेक्षा निराळे चालते.

आधी संसर्गजन्य रोग वगळावेत

खाद्याकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे आवश्यक आहे, कारण तिथे उशीर परवडत नाही. पिल्ले काही तासांत पटापट मरत असतील, मरताना मान मागे पाठीकडे ओढली जात असेल, आणि वय तीन आठवड्यांच्या आत असेल, तर बदकांच्या विषाणूजन्य हिपॅटायटिसचा संशय घ्यावा. या रोगात यकृत मोठे होते आणि त्यावर रक्तस्रावाचे ठिपके व डाग स्पष्ट दिसतात. पिल्ले डोके थरथरवत असतील, डोळ्यांतून-नाकातून पाणी गळत असेल, विष्ठा हिरवट असेल आणि मृत पिल्लाच्या हृदयावर व यकृतावर पांढुरका पातळ पापुद्रा आढळला, तर तो रायमेरेला या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरच योग्य अँटिबायोटिक द्यावे. मान लुळी पडून पिल्लू पाण्यात डोके वर धरू शकत नसेल, तर शेडच्या आसपास कुजलेले मेलेले पक्षी किंवा अळ्या आहेत का ते पाहावे, कारण बोट्युलिझमचे विष तिथून येते.

एक इशारा वेगळा द्यायला हवा. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, मोठी बदके आणि जवळपासचे कावळेसुद्धा मरत असतील, तर मृत पक्षी घरी फाडून पाहू नये आणि लगेच पशुपालन विभागाला कळवावे. २०२१ च्या जानेवारीत इंदुरात डेली कॉलेजच्या परिसरातले कावळे एच५एन८ बर्ड फ्लूने मेले होते, ही गोष्ट येथील लोकांच्या स्मरणात असेलच. या रोगाचे नमुने तपासणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा भोपाळलाच आहे, त्यामुळे आपल्याकडे निदानाला फार लांब जावे लागत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील, तर दोष बहुधा गुळगुळीत जमिनीचा असतो. वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक अंथरण्याऐवजी पहिले काही दिवस बारदान अंथरावे. एखाद-दुसरेच पिल्लू लंगडत असेल, तर ते पायाला धरून उचलले गेले होते का ते विचारावे, कारण बदकाचे पाय नाजूक असतात आणि त्याला नेहमी अंगाखाली हात घालूनच उचलावे. यापलीकडे या दोन कारणांवर वेळ घालवण्याची गरज नाही.

नायासिनचा हिशोब

मांसल बदकाचे पिल्लू जन्मतः साधारण ५० ग्रॅमचे असते आणि सात आठवड्यांत तीन किलोच्या आसपास जाते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या हाडांना जे लागते ते खाद्यातून रोज मिळावे लागते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या पोषण-तक्त्यांत पेकिन बदकाच्या पिल्लांसाठी पहिले दोन आठवडे २२ टक्के प्रथिने, दर किलोला २९०० किलोकॅलरी ऊर्जा, ०.६५ टक्के कॅल्शियम आणि दर किलो खाद्यात ५५ मिलिग्रॅम नायासिन अशी गरज दिलेली आहे. त्याच तक्त्यात ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लाची नायासिनची गरज ३५ मिलिग्रॅम आहे आणि वय वाढेल तशी ती आणखी खाली येते, बदकाची मात्र पुढेही ५५ च राहते. कोंबडीसाठी पुरेशी असलेली मात्रा बदकाला का पुरत नाही, हे या दोन आकड्यांवरून लक्षात येते.

फरकामागचे कारणही संशोधनाने दाखवले आहे. बहुतेक प्राणी ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून थोडे नायासिन स्वतः तयार करतात. बदकाच्या यकृतात पिकोलिनिक कार्बॉक्सिलेज हे एन्झाइम इतके क्रियाशील असते की ट्रिप्टोफॅन त्या वाटेला न जाता दुसऱ्याच वाटेने खर्ची पडते, आणि कोंबडीच्या तुलनेत फारच थोडे नायासिन तयार होते. म्हणून खाद्यात प्रथिने भरपूर घातली तरी ही उणीव भरून निघत नाही. कॉर्नेल विद्यापीठात ह्यूझर आणि स्कॉट यांनी १९५० च्या दशकातच बदकांच्या वाकलेल्या पायांचा संबंध पोषणाशी जोडला होता. म्हणजे हा विषय नवा नाही, केवळ आपल्याकडच्या खाद्याच्या पिशवीपर्यंत तो पोहोचलेला नाही.

आता आपल्या मिश्रणाचा हिशोब करून पाहू. माळव्यात घरी खाद्य बनवणारा साधारण ६० टक्के मका आणि ३० टक्के सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) घेतो, उरलेल्या भागात डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडीची पूड, मीठ आणि प्रीमिक्स. मक्यात दर किलोला सुमारे २४ मिलिग्रॅम नायासिन असते, म्हणजे एक किलो मिश्रणात मक्याकडून १४ मिलिग्रॅम येतात. डीओसीकडून सात-आठ मिलिग्रॅम मिळतात. बेरीज २२ च्या आसपास होते, आणि त्यातही मक्यातले बरेचसे नायासिन अशा बांधलेल्या स्वरूपात असते की पक्ष्याला ते पचवून वापरता येत नाही. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न होते त्या देशांतल्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग पसरला तो याच कारणाने, आणि मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून खात असल्यामुळे त्यापासून बरेचसे बचावले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजम यांनी कुत्र्यांमधला तशाच प्रकारचा आजार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायासिननेच, बरा करून दाखवला तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. (हे वाचून कोणी बदकांचा मका चुन्यात भिजवू नये. त्याने कॅल्शियम बेसुमार वाढेल आणि ओल्या मक्यावर बुरशीही येईल.) तेव्हा ५५ च्या गरजेपुढे आपल्या मिश्रणातून हाती लागणारे नायासिन २२ पेक्षाही बरेच कमी ठरते, आणि उरलेले सगळे प्रीमिक्सनेच द्यायला हवे. ब्रॉयलरचे प्रीमिक्स ब्रॉयलरची गरज धरून बनलेले असते, त्यामुळे ते सांगितलेल्या मात्रेत घातले तरी बदक उपाशीच राहू शकते.

मग हे पावसाळ्यातच का दिसते? हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सकाळी पिल्ले बाहेर सोडली जातात, गवत, किडे, गांडुळे, तळ्यातले जीव खातात आणि ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. पाऊस लागला की ती शेडमध्ये कोंडली जातात आणि पिशवीतले खाद्य हाच त्यांचा एकमेव आधार उरतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. नायासिन उष्णतेने, प्रकाशाने किंवा साठवणीने सहसा नष्ट होत नाही, त्यामुळे "प्रीमिक्स जुने झाले म्हणून नायासिन गेले" हे स्पष्टीकरण बरोबर नाही. ते मुळातच कमी होते. जीवनसत्त्व अ आणि ड३ मात्र दमट हवेत खरोखरच खराब होतात, आणि कोलीन क्लोराईड ओलावा ओढून घेत असल्यामुळे ते जीवनसत्त्वांच्या प्रीमिक्समध्ये आधीपासून मिसळून ठेवले तर ही नासाडी आणखी वेगाने होते. म्हणून कोलीन वेगळे ठेवावे आणि खाद्य बनवतानाच घालावे.

पायाकडे पाहूनही काही अंदाज बांधता येतो. पिल्लू उताणे धरून हॉक सांध्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवावा. नायासिन कमी असेल तर सांधा जाड झालेला आणि नळी वाकलेली असते, पण सांध्यामागचा जाड स्नायुबंध सहसा आपल्या खाचेतच राहतो. तो खाचेतून घसरून एका बाजूला गेल्याचे अंगठ्याला स्पष्ट जाणवत असेल, तर मँगनीज किंवा कोलीनच्या कमतरतेचा विचार करावा. चोच दाबली असता रबरासारखी वाकत असेल आणि छातीचे हाड मऊ लागत असेल, तर मुडदूस आहे, आणि तिथे ड३, फॉस्फरस व कॅल्शियम यांचा प्रश्न येतो. केवळ या शेवटच्या स्थितीत कॅल्शियमच्या बाटलीला काही अर्थ आहे. इतर वेळी गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम जस्त व मँगनीज यांचे शोषण कमी करते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते, म्हणजे ज्या पायांसाठी ते दिले त्यांनाच ते अपाय करू शकते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेयर खाद्य पिल्लांना कधीही घालू नये, कारण त्यात कॅल्शियम ३.५ टक्के किंवा त्याहून अधिक असते.

मक्यातली बुरशी

दुसरे कारण अधिक घातक आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेपाशी संशोधक पोहोचले, आणि त्या पेंडेवरच्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेल्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पुढे काही काळ हे विष ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरली जात, कारण इतक्या थोड्या मात्रेला इतक्या स्पष्टपणे प्रतिसाद देणारा दुसरा पाळीव पक्षी नव्हता. अफ्लाटॉक्सिनच्या बी१ या सर्वांत विषारी प्रकाराची शरीराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे ०.३६ मिलिग्रॅम इतकी एकच मात्रा बदकाच्या निम्म्या पिल्लांना मारते, तर कोंबडीच्या पिल्लांत हाच आकडा सहा मिलिग्रॅमच्या वर आहे. ५० ग्रॅमच्या पिल्लाच्या हिशोबाने हे १८ मायक्रोग्रॅम झाले. ज्या मक्यावर शेजाऱ्याच्या कोंबड्या धडधाकट दिसतात तोच मका आपल्या बदकांना का बाधतो, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

या विषबाधेतही पिल्लू लंगडते, म्हणून तिची नायासिनच्या कमतरतेशी गल्लत होते. भूक आधी मंदावते, वाढ खुंटते, पिल्ले विचित्र आवाज काढतात, एकमेकांची पिसे उपटतात, आणि पायांवर व पंजांवर कातडीखाली रक्त साकळून जांभळट छटा दिसते. ही छटा नायासिनच्या कमतरतेत दिसत नाही. मृत पिल्लाचे यकृत फिके, पिवळसर आणि सुजलेले असते, पुढे ते घट्ट होत जाते. मात्र पहिल्या चार-पाच दिवसांच्या निरोगी पिल्लाचे यकृतही अंड्यातल्या बलकामुळे पिवळे असते, तेव्हा इतक्या लहान पिल्लाच्या यकृताच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये.

आपल्याकडे या विषाला दोन ऋतू मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये गोदामातला जुना मका दमट हवेत ओलावा धरतो, आणि सप्टेंबरअखेरीपासून मंडीत येणारा नवा खरीप मका कधी कधी पुरता वाळण्याआधीच विक्रीला येतो. भाव उतरलेला असतो म्हणून घाईने साठा करणारा बदकपालक याच काळात अडकतो. साठवणीच्या मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर असू नये. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर एक साधी परीक्षा करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत तिचा तिसरा हिस्सा मका आणि दोन-तीन चमचे वाळवलेले, सुटे मीठ घालून बाटली मिनिटभर हलवावी आणि दाणे खाली बसू द्यावेत. मीठ काचेच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, आणि तो मका पिल्लांसाठी भरडू नये. मीठ चिकटले नाही म्हणून विष नाही असे मात्र होत नाही. ही परीक्षा ओलाव्याची आहे, आणि आज कोरडा असलेला मका महिनाभरापूर्वी ओला असू शकतो.

तीन समजुती येथे सोडायला हव्यात. बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही, ही पहिली. बुरशी चाळणीत झडून जाते, पण तिने तयार केलेले विष दाण्यात राहते. मका भाजला किंवा शिजवला की विष मरते, ही दुसरी. अफ्लाटॉक्सिन साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही. तिसरी समजूत म्हणजे विष पोत्यात सर्वत्र सारखे पसरलेले असते. प्रत्यक्षात ते मूठभर दाण्यांत एकवटलेले असू शकते, म्हणून एका पोत्याच्या तोंडाकडचे दाणे तपासून भागत नाही. परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई) अनेक पोत्यांत, वर, मध्ये आणि तळाशी घालून दाणे काढावेत, सगळे एकत्र करून भरडावेत आणि त्या भरडीतून नमुना घ्यावा. भारतीय मानकात कोंबडीच्या खाद्यासाठी अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा २० पीपीबी (दर किलोला २० मायक्रोग्रॅम) आहे. बदकाच्या पिल्लांसाठी मी ती मर्यादा शेवटची हद्द मानतो, आणि शेंगदाणा पेंड तर पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण टाळावी असेच सांगतो, जरी तिच्यात नायासिन भरपूर असले तरीही.

दोहोंपैकी कारण कोणते

एकाच शेडमध्ये थोडी शिस्त पाळून याचे उत्तर मिळवता येते. एकाच दिवशी आलेल्या पिल्लांतून पाचव्या दिवशी, लंगडेपणा दिसू लागण्यापूर्वी, सारख्या वजनाच्या पिल्लांचे तीन गट करावेत आणि प्रत्येकात निदान २५ पिल्ले ठेवावीत. पहिल्याला चालू असलेलेच खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य आणि पाण्यातून नायासिन, तिसऱ्याला तपासून घेतलेल्या कोरड्या मक्याचे नवे खाद्य आणि पाण्यातून नायासिन द्यावे. जमीन, ऊब, भांडी, गर्दी सारखीच असावी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत रोज नव्याने लंगडू लागलेल्या पिल्लांची नोंद आणि दर आठवड्याला वजन ठेवावे. दुसरा गट पहिल्यापेक्षा स्पष्टपणे चांगला आणि तिसऱ्याच्या बरोबरीचा असेल तर कमतरता नायासिनची आहे. पहिला व दुसरा सारखेच वाईट आणि तिसरा चांगला असेल तर दोष मक्यात किंवा पेंडेत आहे. दुसरा थोडा सुधारलेला आणि तिसरा पूर्ण चांगला असेल तर दोन्ही कारणे आहेत, आणि माझ्या पाहण्यात पावसाळी लॉटमध्ये हीच स्थिती अधिक असते. पहिल्या गटात लंगडेपणा दिसू लागला की त्यालाही लगेच नायासिन सुरू करावे. उत्तर मिळाल्यावर त्या पिल्लांना तसेच ठेवण्यात काही अर्थ नाही.

मोजायचे काय, यावर माझा विशेष आग्रह आहे. बदकपालक "जुनी लंगडी पिल्ले सुधारली का" हे पाहतो आणि ती सुधारली नाहीत की औषध निरुपयोगी ठरवतो. एकदा वाकलेली नळी नायासिनने सरळ होत नाही. नुकतीच बसू लागलेली पिल्ले काही दिवसांत उभी राहतात, पण खरी कसोटी नव्या रुग्णांची आहे. उपाय सुरू केल्यानंतर चार-पाच दिवसांनी नव्याने लंगडणारे पिल्लू दिसेनासे झाले, तर उपाय लागू पडला.

लंगडेपणा दिसताच काय करावे

चाचणीची वाट न पाहता पाण्यात दर लिटरला ३० ते ४० मिलिग्रॅम निकोटिनामाइड (नायासिनचेच एक रूप) सात ते दहा दिवस द्यावे, पाणी रोज नवे करावे आणि त्या काळात पिल्लांना दुसरे पाणी ठेवू नये. बाजारातल्या पातळ बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीवर निकोटिनामाइडचे प्रमाण वाचून मगच मात्रा ठरवावी. काही बाटल्यांत बी१, बी६ आणि बी१२ ही जीवनसत्त्वे भरपूर असतात आणि ज्याची गरज आहे तेच नाममात्र असते. संशयित खाद्य त्याच दिवशी थांबवावे. लंगडी पिल्ले वेगळ्या, कोरड्या, जाड तुसाच्या अंथरुणावर ठेवावीत आणि पाणी व खाद्य बसल्या जागी चोच पोहोचेल इतक्या खाली ठेवावे. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, कारण नाक-डोळे धुता आले नाहीत की पिल्लाच्या चोचीवर ओले खाद्य थापले जाते आणि ते खाणेच कमी करते. भांड्याभोवती चिखल होऊ नये म्हणून ते जाळीच्या चौकटीवर ठेवून खालून पाणी बाहेर काढावे. ज्यांचे दोन्ही पाय पूर्ण वाकले आहेत आणि जी उठूच शकत नाहीत, त्यांना दिवसेंदिवस रखडत ठेवणे ही दया नव्हे. त्यांच्याबद्दल पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा.

पुढच्या लॉटची तयारी

खाद्य घरी बनवत असाल तर ब्रॉयलरच्या प्रीमिक्सशिवाय दर क्विंटल खाद्यात पाच ग्रॅम शुद्ध नायासिन वेगळे घालावे. म्हणजे दर किलोला ५० मिलिग्रॅमची भर पडते आणि मक्यातले नायासिन हिशोबात धरण्याची गरजच उरत नाही. पाच ग्रॅम एवढी थोडी पूड थेट क्विंटलभर ढिगाऱ्यात टाकली तर ती सर्वत्र पोहोचणार नाही. आधी ती अर्धा किलो मक्याच्या पिठात, मग ते पीठ पाच किलो भरडीत आणि मग सगळे एकत्र, अशा पायऱ्यांनी मिसळावे. बिअर बनवताना उरणारे यीस्ट चांगले असते, पण त्याच्यावरच विसंबता येत नाही. खाद्यात दोन-तीन टक्के यीस्ट घातले तर त्यातून नायासिनची भर जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅमची पडते.

मक्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि पावसाळ्यात दोन आठवड्यांना पुरेल इतकेच खाद्य भरडावे, कारण अखंड दाण्यापेक्षा भरड फार लवकर खराब होते. भिजवलेले खाद्य दोन-तीन तासांत संपेल इतकेच द्यावे. शक्य असेल तर क्रंबल (फोडलेल्या गोळ्यांचा चुरा) किंवा बारीक पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) वापरावेत. भुकटीसारख्या मॅशपेक्षा पिल्ले ते अधिक खातात आणि वाया कमी घालवतात. बेंटोनाइटसारखी विष बांधून ठेवणारी माती खाद्यात अर्धा टक्का घातल्याने अफ्लाटॉक्सिनचा परिणाम कमी होतो हे अनेक प्रयोगांत दिसले आहे, पण इतर बुरशीविषांवर तिचा उपयोग फारसा नाही, आणि वाईट मका वापरण्याचा परवाना म्हणून तिच्याकडे पाहू नये.

सोयाबीनबद्दल खास माळव्यासाठी एक गोष्ट. शेतातले सोयाबीन घरीच आहे म्हणून काही जण ते कच्चे भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतो आणि पिल्ले खाऊनही वाढत नाहीत. व्यवस्थित भाजलेले सोयाबीन किंवा कारखान्यातली डीओसीच वापरावी.

खाद्य आणि मका दोन्ही बदलूनही नवी पिल्ले लंगडत राहिली, तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जवळच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. सोबत सर्व पोत्यांतून मिळून घेतलेला किलोभर खाद्याचा नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत न्यावा. प्लॅस्टिकमध्ये दमट नमुन्यावर वाटेतच बुरशी वाढते. नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्ले बर्फावर, पण गोठू न देता, न्यावीत आणि शक्य असेल तर लंगडणारी जिवंत पिल्लेही न्यावीत. पिल्लांचे वय, खाद्यातले घटक व त्यांचे प्रमाण, भरडण्याची तारीख आणि दिलेली औषधे एका कागदावर लिहून द्यावीत. अहवाल येईपर्यंत ते उरलेले खाद्य वाया जाऊ नये म्हणून गोठ्यात घालू नये. अफ्लाटॉक्सिन बी१ खाल्लेल्या गाई-म्हशींच्या दुधात ते विष एम१ च्या रूपाने उतरते आणि ते दूध घरातली मुले पितात.